नऊ आठ, पुन्हा सांगते

मी एकदा एका माणसाला माझा फोन नंबर तुकड्यातुकड्यांनी दिला. मूर्खपणा मी आयुष्यात पुष्कळ केला आहे, पण तो सगळा घाईगडबडीतला. हा मात्र पूर्ण विचार करून, चष्मा पुसून, शांत डोक्याने केलेला. तेव्हा मी अगदीच कोवळी होते. सहासष्ट वर्षांची.

त्या पोरीला मी आता हसते. गुडघ्याला पट्टा, केसांना मेंदी, पर्समध्ये आवळा सुपारी आणि मोबाइलमध्ये साथीदार शोधून देणारं ॲप. ते ॲप मी काही शोधायला गेले नव्हते. कोबीची वडी कशी करतात ते बघत होते, मध्येच जाहिरात आली की पन्नाशीनंतरही कुणीतरी तुमची वाट पाहत असेल. माझी वाट त्या काळात फक्त नातीच्या शाळेची बस पाहायची, तीही हॉर्न वाजवून. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. येरवड्याला मुलाच्या फ्लॅटमध्ये मी राहत होते, मुलगा आणि सून दोघंही आयटीत, घरी असले तरी कानात काहीतरी घालून परदेशाशी बोलत. आपल्याशी बोलतायत असं समजून मी दोनचारदा उत्तरंही दिली होती. तर म्हटलं, बघू या कोण वाट पाहतंय. दाबलं बटण.

फोटो टाकला मुलाच्या लग्नातला. शेजारी विहीणबाई उभ्या होत्या, त्यांना कापलं, तरी त्यांचा खांदा राहिलाच. आवड या रकान्यात लिहिलं, 'गप्पा, मासे, दुसऱ्यांच्या भानगडी.' जात कुठेच विचारली नाही, हे मला फार आवडलं. आमच्या समाजातले काय आणि इतरांचे काय, सगळे वधूवर मेळावे मी पाहिलेत. तिथे माणसाचं नाव नंतर विचारतात.

आता नंबराच्या मूर्खपणाकडे येण्याआधी मी काय नोकरी केली ते सांगायला हवं, कारण तो मूर्खपणा मला नोकरीनेच शिकवला. मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होते. तेव्हा परगावी फोन करायचा तर आधी आमच्याकडे नोंदवावा लागे. आम्ही लाइन जोडून द्यायचो, आणि तीन मिनिटं झाली की मध्ये तोंड घालून सांगायचो, वेळ संपली. वेळ वाढवून घेतली नाही की तोडायचो. कुणी चिडून विचारलं, 'अहो, का तोडलंत?' की एकच उत्तर, 'लाइन गेली.' कुठे गेली, का गेली, कधी येईल, यात पडायचं नाही. मला तर तोडायला मजाच यायची, वीसबावीस वर्षांच्या मुलीला एवढी सत्ता दुसरीकडे कोण देणार? नवराबायकोचं भांडण ऐन रंगात आलेलं असताना मी तोडलेलं आहे. नंतर दिवसभर वाटत राहायचं, पुढे काय झालं असेल.

आमच्या सुपरवायझरबाईंचा एक नियम होता. लाइनवरच्या माणसाला आवाज द्यायचा, नाव द्यायचं नाही आणि स्वतःचा नंबर तर मुळीच नाही. कारण लोक आमच्या आवाजांच्या प्रेमात पडायचे. एक कापडवाले रोज उगाचच सोलापूरला फोन नोंदवायचे. मैत्रिणी म्हणायच्या, 'तुझाच आवाज ऐकायला करतात.' मीही मानेला झटका देऊन म्हणायची, 'करू देत!' मग गल्लोगल्ली पिवळ्या पाट्यांचे बूथ आले, लोक आपापला नंबर आपण फिरवायला लागले, आणि आमचा एवढा मोठा हॉल ओस पडला. मला चौकशीच्या टेबलावर बसवलं. लोक नाव सांगायचे, मी नंबर सांगायची. निवृत्त होईपर्यंत सगळ्या पुण्याला दुसऱ्यांचे नंबर वाटले. त्याचीही पद्धत ठरलेली. नंबर एका दमात ओतायचा नाही. दोनदोन आकडे, प्रत्येक जोडी दोनदा. 'दोन सहा. पुन्हा सांगते, दोन सहा. घेतलं लिहून?' मगच पुढे जायचं. ही पद्धत माझ्या जिभेत एवढी मुरली होती की घरी दूधवाल्याला हिशेब सांगतानाही मी दोनदा सांगायची आणि तो बिचारा दुप्पट समजायचा.

तर ॲपवर तो भेटला. वारज्याचा. मूळचा वर्ध्याकडचा, तरुणपणी इकडे स्कूटरच्या कारखान्यात लागला, रंगकामाच्या विभागात, तिथूनच निवृत्त झाला. बायको वारलेली. मुलाकडे राहत होता आणि गच्चीवर कुंड्यांत शेवंती नि वांगी लावत होता. पुण्यात चाळीस वर्षं काढूनही त्याचं 'करून राहिलो' सुटलं नव्हतं. पहिलाच निरोप आला, 'काय करून राहिल्या बाई?'

मी लिहिलं, 'पोहण्याच्या तलावावर बसले आहे.'

'पोहता?'

'नात पोहते. मी टॉवेल सांभाळते.'

'मोठं जबाबदारीचं काम आहे,' तो म्हणाला. म्हणजे लिहिलं त्याने. पण मला ते ऐकूच आलं.

नातीचा पोहण्याचा क्लास आठवड्यातून तीनदा असे. तलावाच्या कडेला सिमेंटच्या बाकावर बसून, क्लोरीनच्या वासात मी त्याच्याशी गप्पा मारायची. बाकीच्या आज्या जप करत, काही डुलक्या घेत. मीही डोळे मिटूनच बसलेय असं वाटावं इतकी मान खाली घालून टाइप करायची. मी त्याला सांगितलं, माझा मोगरा दोन वर्षं झाली फुलत नाही, मी रोज त्याला शिव्या घालते. त्याचं उत्तर आलं, 'झाडाला रागावून पाणी घालू नये. मुळांना कळते.' मी सांगितलं, आम्ही बौद्ध आहोत, आधीच सांगते, नंतर कटकट नको. तो म्हणाला, 'मी वांग्याची भाजी करणारा आहे, आधीच सांगतो. तिखट खाता का?' मी बाकावर एकटीच हसले. शेजारच्या आजींनी जप थांबवून बघितलं.

असं होता होता त्याने नंबर मागितला. 'टाइप करून बोटं दुखून राहिली बाई. फोनवर बोलू.'

आणि माझ्यातली एक्स्चेंजवाली जागी झाली. लाइनवरचा माणूस! मी लिहिलं, 'एवढी घाई कसली? बघू पुढच्या आठवड्यात.' पुढच्या आठवड्यात लिहिलं, 'नातीची परीक्षा आहे.' त्याच्या पुढच्या आठवड्यात तर कारणही दिलं नाही. खरं सांगायचं तर मला गंमत वाटत होती. कुणीतरी माझ्याकडे काहीतरी मागतंय आणि मी देत नाही, हे सुख किती वर्षांनी मिळत होतं! स्वतःचा नंबर त्याने पहिल्याच खेपेला देऊ केला होता. तर मी लिहिलं, 'नको, मी आधी पुरुषांचे नंबर घेत नाही.' काय तो तोरा! गुडघ्याला पट्टा बांधलेल्या बाईचा तोरा.

तरी तो रागावला नाही. माझ्यावरही रागावून पाणी घालत नसावा. श्रावणात त्याने लिहिलं, 'जानेवारीत फुलांचं प्रदर्शन असते. मी शेवंती ठेवतो दरवर्षी. तुम्ही या पाहायला. पण तोवर आवाजही ऐकवायचा नाही का? द्या नंबर. नाही तर नाही म्हणा, मी पुन्हा विचारणार नाही.'

हे शेवटचं वाक्य वाचल्यावर माझी गंमत उतरली. देऊन टाकायचं ठरवलं. पण कसा द्यायचा? सून जेवताना नेहमी सांगायची की आकडे असे उघड्यावर लिहू नका, चोर टपलेले असतात. मग मी शक्कल लढवली. आकडे आकड्यांत लिहायचेच नाहीत, अक्षरांत लिहायचे. एकदम नाही, तुकड्यांनी. आणि एक्स्चेंजच्या शिस्तीने, प्रत्येक जोडी दोनदा. मला वाटलं, केवढी मी हुशार!

तलावाच्या बाकावर बसून मी लिहिलं, 'नऊ आठ.' मग, 'पुन्हा सांगते, नऊ आठ.' मग, 'घेतलं लिहून?' उत्तर आलं नाही. गच्चीवर असेल, हात मातीचे असतील. मला दम कुठला? पुढची जोडी पाठवली, ती पुन्हा सांगितली, घेतलं का विचारलं, तिसरी पाठवली. आणि फोनचा पडदा पांढरा झाला. त्यावर दोन ओळी. आमच्या नियमांचं उल्लंघन झाल्यामुळे तुमचं खातं कायमचं बंद करण्यात आलं आहे. हा निर्णय अंतिम आहे.

कुठला नियम, ते नाही. मी पडदा बोटाने पुसला. पुसून काय होणार होतं? तो, त्याची वांगी, तलावावरचे सगळे आषाढ-श्रावण, सगळं त्या पांढऱ्याच्या मागे गेलं. त्याचं आडनावही मला माहीत नव्हतं. चाळीस वर्षं माणसं आवाजावरून ओळखण्यात गेली, आणि याचा आवाजच मी ऐकला नव्हता.

नात पाण्यातून निथळत आली. 'आजी, टॉवेल! आजी, तू रडतेयस?'

'क्लोरीन गं,' मी म्हटलं.

मग पत्रव्यवहार सुरू केला. ॲपमध्ये तक्रारीची जागा होती. मी लिहिलं की मी ज्येष्ठ नागरिक आहे, निवृत्त सरकारी कर्मचारी आहे, माझ्यावर आजवर एक मेमो नाही. लगेच उत्तर आलं, 'प्रिय वापरकर्ता, आम्ही आपल्या खात्याची तपासणी केली आहे. निर्णय अंतिम आहे.' इतक्या लगेच कुणी तपासणी करतं होय? मी लिहिलं, 'मला तुमच्या सुपरवायझरशी बोलायचं आहे.' उत्तर आलं, 'प्रिय वापरकर्ता.' पुढचं तेच. मी इंग्रजीत लिहून पाहिलं, नम्रपणे लिहिलं, एकदा चक्क भांडले. प्रत्येक वेळी मी प्रिय होते आणि निर्णय अंतिम होता. त्याच फोनवरून नव्याने नाव घालून पाहिलं, तर चहा होईपर्यंत पुन्हा बाहेर. मग आठवलं, आपणही हेच करायचो की. लाइन गेली. कुठे गेली ते विचारू नका.

पण माझं खरं चुकलं ते यानंतर. कारण सांगितलं नाही की माणूस स्वतःच कारण शिवत बसतो, आणि मी शिवायला बसले. माझ्या मनाने घेतलं की तक्रार त्यानेच केली. कंटाळला असेल या बाईच्या नखऱ्यांना. इतके दिवस टोलवलं आणि शेवटी नंबर दिला तो असा, बालवाडीतल्या मुलाला उजळणी सांगावी तसा. वेडी दिसते म्हणून कळवलं असेल कुठेतरी. हे एकदा मनात बसल्यावर कुणाला काही सांगायची सोयच उरली नाही. सुनेला काय सांगणार? की तुझी सासू ॲपवरून हाकलली गेली? मी गप्प राहिले. तलावावर फोन न्यायचं बंद केलं. जप करणाऱ्या आजींशी बोलून पाहिलं, पण त्यांना मोगऱ्याविषयी काही सांगता येईना.

शेवटी सुनेनेच पकडलं. गणपती होऊन गेले होते. मी भांडी लावत होते, तिने विचारलं, 'आई, फोन बिघडलाय का तुमचा? हल्ली बघतच नाही.'

'बिघडला नाही. मीच बिघडले,' मी म्हटलं, आणि मग सगळं सांगून टाकलं. भांड्यांकडे बघत सांगितलं. ती हसेल असं वाटलं होतं. ती स्टूल ओढून बसली.

'नंबर कसा पाठवलात? तस्संच्या तसं सांगा.'

मी तस्संच्या तसं सांगितलं. घेतलं लिहून, यासकट.

तिने कपाळावर हात मारला. 'अहो आई! असं कोण पाठवतं माहितीये? भामटे! मशीनला आकडे सापडू नयेत म्हणून ते अक्षरांत लिहितात, तुकडे करतात, तोच तोच मेसेज परत परत टाकतात. मी काय करते ऑफिसात दिवसभर?'

ती काय करते हे मी तोवर विचारलंच नव्हतं. 'कॉम्प्युटर' एवढंच मला माहीत. खराडीच्या ऑफिसात बसून ती परदेशातल्या एका खरेदीच्या वेबसाइटची संशयास्पद खाती बंद करायची. हेच काम.

'आणि त्यांना कारण सांगता का?' मी विचारलं.

'नाही. कारण सांगितलं की पुढच्या वेळी ते बरोबर तेवढंच टाळतात.'

'आणि एखादी माझ्यासारखी असली तर?'

'असणारच हो आई,' ती म्हणाली. 'पण ती समोर दिसत नाही ना.' मग लगेच, 'आणि तुमचं हे कारणही माझा अंदाज हं. नक्की कुणीच सांगू शकणार नाही.'

मला तिच्यावर रागावता येईना. मी कुणाची भांडणं अर्ध्यावर तोडली होती ते मला कुठे दिसत होतं?

मग ती म्हणाली, 'थांबा, मी उघडते खातं. माझ्या फोनवरून. शोधू या त्यांना.'

'अगं, माझ्या मुलाने बघितलं तर?'

'तर सांगीन, सासूबाईंसाठी स्थळ बघतेय.'

तिने आंब्याचा फोटो लावून, वय वाढवून खातं उघडलं. मी मागून सांगत होते, वारजे, शेवंती, वर्ध्याकडचा. दोघी डोकी जोडून बघत होतो. कितीतरी म्हातारे सरकले. गाडीला टेकलेले, नातवंडं मांडीवर घेतलेले, चष्म्यात फोन चमकणारे. तो नव्हता. तिने आणखी कुठेकुठे बघितलं आणि म्हणाली, 'खातं बंद केलेलं दिसतंय त्यांनी. आई, तेव्हाच सांगितलं असतंत तर.'

तेव्हाच. महिनाभर मी कपबशा विसळत त्याच्यावर रागावून पाणी घालत बसले होते.

प्रदर्शन राहिलं होतं. जानेवारी आली आणि नातीला कांजिण्या आल्या. मी म्हटलं, आता कसं जाणार? कांजिण्या नातीला होत्या, मला नव्हत्या. सुनेने रजाही घेतली होती. जाता आलं असतं. पण त्याने खरंच तक्रार केली असेल तर? सून म्हणालीच होती, नक्की कुणीच सांगू शकणार नाही. त्या 'नक्की कुणीच'च्या आड मी आणखी एक वर्ष लपून बसले.

त्याच्या पुढच्या जानेवारीत मात्र गेले. मेंदी लावली, पट्टा काढून ठेवला. शेवंतीच्या रांगा लागल्या होत्या, पिवळ्या, पांढऱ्या, विटकरी. मी प्रत्येक कुंडीमागचा माणूस न्याहाळत हळूहळू पुढे सरकत होते. एका रांगेच्या टोकाला एक बाई कुणाला तरी सांगत होती की तिचं झाड कळ्या धरतं आणि टाकून देतं. आणि कुंड्यांमागून आवाज आला, 'रागावून पाणी घालता का बाई? मुळांना कळते.'

किंचित घोगरा आवाज. लांबच्या गावाहून लाइन यायची तसा, मध्ये वारा भरलेला. असाच असेल असं मला वाटलं नव्हतं, पण ऐकल्यावर वाटलं, असाच असणार. आणि 'बाई' तो सगळ्यांनाच म्हणत होता, हेही तेव्हाच कळलं.

ती बाई पुढे गेली. मी कुंडीजवळ उभी राहून म्हटलं, 'माझा मोगरा फुलला हो. शिव्या द्यायचं सोडलं.'

त्याने मान वर केली. बारीक अंगाचा, स्वेटर उसवलेला. मग म्हणाला, 'येरवड्याच्या? टेलिफोनवाल्या?'

'हो.'

'नऊ आठ,' तो म्हणाला.

मी काही बोलणार इतक्यात मागून एक बाई आल्या, हातात पाण्याची बाटली. त्यांनी त्याच्या बाहीवरची माती सहज झटकली, रोज झटकत असाव्यात तशी. तो म्हणाला, 'ही आमची मंडळी. मागच्या दिवाळीनंतर झालं आमचं.' मग त्यांना म्हणाला, 'या येरवड्याच्या. यांच्या मोगऱ्याची गोष्ट मी सांगितली होती ना?' त्या मोकळ्या हसल्या. बाई चांगल्या होत्या. वाईट असत्या तर माझं काम सोपं झालं असतं. 'तुम्ही बोला,' त्या म्हणाल्या, 'मी तिघांना चहा आणते.'

त्या गेल्यावर मी म्हटलं, 'अहो, मी गेले नव्हते. मला त्या ॲपवाल्यांनी काढून टाकलं. नंबर सांगत होते, तेवढ्यातच.'

'कशापायी?'

'तेच तर सांगितलं नाही. अजून माहीत नाही. मला वाटलं, तुम्हीच माझी तक्रार केलीत.'

'मी?' तो म्हणाला. मग त्याने एक कुंडी उगाचच थोडी वळवली, फूल उन्हाकडे केलं, हात विजारीला पुसले. आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, 'माझ्याकडे एवढंच आलं, नऊ आठ, पुन्हा सांगते नऊ आठ. मग तुमचं नावच दिसेना. मी पेन घेऊन बसलो होतो बाई, किती दिवस वाट पाहून राहिलो. मग वाटलं, सांगता सांगताच तुमचं मन बदललं.'